मधातून धरा

प्रफुल मिस्त्री जीपखाली झोपला, चेसिसले पेचकस टोचला, अन् तो पेचकस मुठीपर्यंत आत गेला. गंजाचा भुगा भस्सकन त्याच्या तोंडावर पडला. थुकत थुकत तो बाहीर आला.

"डोमाभाऊ, हाड मोडलं आहे गाडीचं," तो म्हने. "वरच्या आंगानं चीर गेली आहे. खालून टाका मारून काई फायदा नाई. बॉडी पुरी उतरवा लागते."

"पुरी?" माहा नवरा म्हने.

"पुरी. बोनट, मडगार्ड, काच, सीटा, वायरी, सारं काढा. मंग तो मानसं बसाचा पत्र्याचा टप उचलून बाजूले ठेवा. चेसिस उघडी पायजे मले, तवाच वेल्डिंग होइल."

मी चुलीपासून वरडली, "मिरग लागला आहे अन् तुमी गाडी खोलता का जी?"

"नाई खोलली बाई, तं नाल्यातच दोन तुकडे होतीन," प्रफुल म्हने. तो एटापल्लीचा. गोडगोड बोलनं त्याले येत नाई, म्हून मले तो बरा वाटते. वेल्डिंगची मशीन अन् जनरेटर घेऊन येतो म्हने, तोवर तुमी खोलून ठेवा. मोटारसायकलले लात मारता मारता त्यानं आनखी सांगतलं, "पन टप उचलू नका. मी आल्यावर उचलू. त्याची एक रीत असते."

मी ऐकलं. माह्या पोरीच्या, दामिनीच्या बापानं बी ऐकलं. पन त्याचं ऐकनं मंजे कानात शिरते अन् तिथीच मुक्काम करते, डोक्यापर्यंत काई जात नाई.

आता गाडी मोडली कशी, थे बी सांगतो. जंगलखात्याच्या लिलावातली गाडी, दामिनीच्या जन्माच्या आधीची. आठवडी बाजाराच्या दिवशी मानसं भरून भामरागडले जाची अन् याची, त्याच्यावर आमचं चालाचं. आमी ढिवर, मासोळी उन्हाळ्यात कमीच. मंग तेंदूपत्त्याचा हंगाम आला अन् यानं पत्ता जमा होते त्या फडीवरचे पत्त्याचे बोरे गाडीवर रचले, हुडाच्या वरतपर्यंत. मी म्हनली, "गाडी आहे का हत्ती आहे?" तं म्हने, "तुले काय समजते?" आता समजलं कोनाले समजत होतं थे.

अन् गाडी काऊन पायजे होती? दामिनीसाठी. माही एकच पोरगी. तिले सिकल आहे, रगताचा आजार. इकडं लय घरात आहे तो, आमच्या बी आला. बरी असली तं बारावीचं पुस्तक वाचते, बापाची नक्कल करते. पन पान्यापावसात थंडी लागली का तिच्या हाडात दुखनं शिरते. कंबर, गुडघे, खांदे. डोळे हळदीवानी पिवळे होतात. मांगच्या श्रावनात तसं झालं, तवा नाल्याले कमरेइतकं पानी होतं अन् याच गाडीनं तिले पार नेलं. माह्या देवराचं, देवानंदचं रगत जुळलं, थे चढवलं, तवा पोरगी वाचली. डॉक्टर बाई म्हने, "दुखायला लागलं की वाट पाहू नका. इथंच कुठेतरी जवळ ठेवा तिला पावसाळ्यात."

ठेवा म्हने! कुठी ठेवता? नणंद आहे माही एटापल्लीले, रीता. मी दामिनीचं बोचकं बांधून तिच्या दारात गेल्ती वैशाखात. रीतानं चहा केला. दामिनीले कप दिला तो कान तुटलेला, वेगळा ठेवलेला. मंग मले आत बोलावून म्हने, "वयनी, आमच्या घरी लग्नाच्या पोरी आहेत. लोक इचारतात, हिले काय झालं म्हून. सोयरीक मोडते." दामिनी दाराशीच उभी होती. चहा प्याली, कप सोता धुतला, पालथा घातला अन् म्हने, "चल माय, बस जाईल." रस्त्यानं मी रडली, तिनं नाई. म्हून गाडी पायजे होती. दुसरं काईच नोतं आमच्याजवळ.

तं खोलाले बसलो.

आधी बोनट निघालं. त्याच्या बिजागरीत मुंग्याइनं घर केल्तं. मंग पुढची जाळी, मंग दोनी मडगार्ड. एकेक बोल्ट आंगातल्या काट्यावानी रुतून बसला होता. घासलेट टाकाचं, भिजू द्याचं, पाना लावाचा, अन् दामिनीच्या बापानं जोर लावला का पाना सटकून त्याची बोटं पत्र्यावर आपटाची. जो निघाला नाई तो आरीपत्तीनं कापला. त्याच्या हाताची सालटं निघाली. रात्री भात कालवाले बी येईना, मी चमच्यानं खा म्हनली तं राग आला.

दामिनी मोहाच्या झाडाखाली बाजेवर बसून बोल्ट पुसाची अन् टोपल्यात वेगवेगळे ठेवाची. हे बोनटचे, हे मडगार्डचे, हे सीटचे. मासोळीच्या टोपल्या त्या. अजून बी त्या बोल्टाइले झिंग्याचा वास येत असन.

वायरी काढाची पाळी आली तवा माहा नवरा घाबरला. सार्‍या वायरी मळून एका रंगाच्या झाल्त्या. मंग त्यानं जाळं विनाचा धागा घेतला अन् हरेक वायरीच्या दोनी टोकाले एकसारकी गाठ मारली. दिव्याची येगळी गाठ, भोंग्याची येगळी. जाळ्याच्या गाठी त्याच्या बोटात जन्मापासून आहेत, त्या चुकनार नाईत.

"बाबा, गाडीले बी सिकल झालं का?" दामिनी म्हने.

"हाव. तुह्यापासूनच लागला."

"मंग देवाकाकाले सांगा, बाटलीभर डिझेल दे म्हना."

देवानंद हासला, दामिनीचा बाप हासला. मी बी हासली. पन हासता हासता मी तिचे डोळे पाह्यत होती, रोजच पाह्यत होती. पांढरे होते अजून.

शेवटी टप तेवढा राह्यला. खालचे बोल्ट सारे काढून झाले. गाडी मंजे चार चाकं, इंजिन अन् वरत नुसता ठेवलेला खोका. प्रफुलचा पत्ता नाई. फोन लावावा तं टॉवर नाई. दक्षिनेकडून आभाळ भरून आलं, काळंकुट्ट, अन् कोंबड्या दुपारीच खुराड्यात शिरल्या.

"उचलून टाकतो," दामिनीचा बाप म्हने. "तो येतपर्यंत चेसिस घासून तयार ठेवतो. तेवढाच येळ वाचन."

"त्यानं नको म्हनलं होतं."

"अवो, डोंगा उचलतो ना आमी? याच्याहून जड राह्यते डोंगा."

झालं. देवानंद आला, शेजारचा सुकलू आला, झिंगू आला. डोंगा उचलाची आमची रीत अशी का दोघं नाकाले, दोघं शेपटीले. मधात कोनी हात लावत नाई. डोंगा मंजे आख्ख्या झाडातून कोरलेली नाव, त्याचं मधलं पोट सगळ्यात टनक. तिथी हात लावला तं उलट पाय अडकतात. जन्मभर तसंच उचललं त्याइनं. तसाच टप उचलला. दोघं पुढं, दोघं मांगं, खाली बांबू, अन् झिंगूनं आरोळी दिली.

टप वर आला. वीतभर आला, हातभर आला, अन् माह्या नवर्‍यानं माह्याकडं पाह्यलं, पाह्य म्हून. तेवढ्यात दाराची जागा असते ना, जिथून पाय टाकून आत चढतात, तिथून कर्रर्र आवाज निघाला. दारं तं आधीच काढली होती. खाली दोन बोटं गंजका पत्रा, त्याच्याच भरवशावर अर्धी गाडी पुढं अन् अर्धी मांगं. तो पत्रा फाटला अन् पुरा टप मधातून मुडपून खाली बसला. झिंगूनं उडी मारली म्हून पाय वाचला.

सुकलूनं बांबू हळूच खाली ठेवला, हात पुसले, अन् "येतो गा" म्हनून गेला. झिंगू बी गेला. अशा येळी मानसं जवळ थांबत नाईत, अन् थांबली असती तं मीच हाकलली असती.

माह्या तोंडाचा तं पट्टाच सुटला. काय नाई बोलली मी! त्याचा बाप काढला, त्याचा तेंदूपत्ता काढला. तो ऐकत होता. मंग हातोडी आनली अन् वाकलेला पत्रा ठोकून सरळ कराले बसला. एक ठोका मारला का एक भोक पडे. दुसरा मारला का दुसरं. तरी मारतच राह्यला. दामिनी उठून गेली अन् तिनं त्याच्या हातातली हातोडी घेतली.

"बाबा, राहू द्या."

तवा तो तिथीच मातीत बसला अन् त्यानं तोंड झाकलं. मले त्याची कीव आली, अन् कीव आली म्हून आनखी राग आला.

प्रफुल दिवस बुडता बुडता आला, पिकपमंधी मशीन घालून. आंगनात उतरला, टपाकडं पाह्यलं, कमरेवर हात ठेवला.

"दाराच्या जागी आडवे बांबू बांधा लागते, भाऊ," एवढंच म्हने. "मधातून धरा लागते."

"नवा टप?" मी इचारलं.

"आता कुठी भेटते बाई. दिवाळीनंतर पाहू." मंग म्हने, "चेसिस तरी जोडून देतो. आलोच आहो तं."

पिकपवाला मशीन उतरवून तसाच पळाला, नाला भरन म्हून. अन् प्रफुलनं ताडपत्रीखाली वेल्डिंग सुरू केलं तवा पानी आलं. असं आलं का दोन हातावरचं दिसेना. देवानंद अन् दामिनीचा बाप ताडपत्री धरून उभे, मी पान्याचा फुगा काठीनं वरत लोटत होती, अन् खाली प्रफुल, ओलाचिंब, शिव्या देत देत टाके मारत होता. झालं काम. मले काई त्यातलं समजत नाई, पन त्यानं जोडावर घन मारून पाह्यला, जोड हालला नाई.

सकाळी दामिनी उठली नाई. मी गोधडी काढली तं ती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. दात ओठात रुतले होते.

"माय, कंबर," म्हने.

मी तिचा चेहरा उजेडाकडं केला. डोळे पिवळे.

मी बाहीर आली तं नवरा, देवानंद अन् प्रफुल, तिघाइले बी माह्या तोंडावरूनच समजलं. नाल्याचा आवाज गावापर्यंत येत होता. नुसत्या डोंग्यानं जानं शक्य नोतं; मधात जी धार आहे नाल्याची ती डोंगा उचलते अन् खाली इंद्रावतीत नेऊन फेकते. बाजेवर घालून नेलं तं मानसाचे पाय टिकत नाईत. त्या धारेतून जाले वजन पायजे, लोखंड पायजे.

"चेसिसच नेतो," दामिनीचा बाप म्हने.

"नागडीच?" देवानंद म्हने.

प्रफुल इचार करत होता. "इंजिन आहे, स्टेरिंग आहे. बॅटरी बांधू, डिझेलची कॅन बांधू, नळी सोडू. अन् पत्राच नाई तं पानी धक्का कशाले देइल? आरपार जाइल. चालू शकते, भाऊ. पन पोरगी बसन कुठी?"

तवा दामिनीच्या बापानं डोंगा आनला. तलावातला लहान डोंगा, त्याच्या बापानं कोरलेला. चेसिसवर आडवे बांबू टाकले, अन् इंजिनाच्या डाव्या आंगानं डोंगा त्याच्यावर बांधला. नाक गाडीच्या पुढं निघालं, शेपूट मांगं. वायरीच्या गाठी पाहून पाहून लागतील तेवढ्याच जोडल्या. उजव्या आंगाले एक पाटी टाकून तो बसला, ना दार, ना काच, ना छप्पर. आमी दामिनीले डोंग्यात धानाच्या तनसावर निजवली, वरतून प्लास्टिक. देवानंद नाकाशी बांबू घेऊन, मी शेपटीशी.

मंग दामिनीच्या बापानं एका दोरीचं टोक माह्या हातात दिलं. डोंगा खुंट्याले बांधतो तशी गाठ मारली होती, एका झटक्यात सुटनारी.

"गाडी बंद पडली तं ओढजो. डोंगा मोकळा होइल."

"अन् तुमी?"

"मले पोहता येते."

"एवढ्या पान्यात?"

तो प्रफुलले म्हने, "मार लात." पन लात माराले ही मोटारसायकल थोडीच होती. प्रफुलनं अन् सुकलूनं धक्का मारला, गाडी सुरू झाली.

नाल्यापर्यंत चिखलातून गेलो. हरेक गड्ड्याले दामिनी वरडे, अन् हरेक बारीले तो मांगं वळून पाह्ये. मी म्हनली, "पुढं पाह्य ना, मुडद्या!" जन्मात त्याले मी कवा अरेतुरे केलं नोतं, त्या दिवशी केलं.

नाला लाल होता. पल्याडच्या काठावर अडकलेली मानसं दिसत होती, एक पिकप बी होती. त्यानं गाडी पान्यात घातली. चाकं बुडाली, चेसिस बुडाली, पानी खरंच आरपार जाले लागलं. इंजिनाचा आवाज बदलला, भरल्या गळ्यानं बोलल्यासारका, पन चालू होतं. मधली धार आली. गाडी सरकली, एका आंगाले घसरली, चाक दगडाले लागलं अन् थांबली, परत चढली. धार गेली. मी देवाचं नाव घेतलं.

अन् तिथीच इंजिन खोकललं अन् बंद पडलं.

पान्याचा आवाज एकदम मोठा झाला. पानी त्याच्या पाटीपर्यंत आलं. वाहत एक ओंडका येऊन चेसिसले लागला अन् सारी गाडी हालली.

"ओढ!" तो म्हने.

दोरी माह्या हातात होती. मी त्याच्याकडं पाह्यलं. इतके वर्स ज्याले मी शिव्या घातल्या तो मानूस तिथी उघड्या लोखंडावर बसला होता, पोटापर्यंत पान्यात, अन् मले हात हालवता येईना.

"चंदे, ओढ ना वो! पोरगी आहे तुह्या डोंग्यात!"

मी ओढली.

डोंगा सुटला. देवानंदनं बांबू टेकवला, मी मांगून हातानं वल्हवलं. धार मांगं राह्यली होती म्हून काठ भेटला. भेटला तो बी पार खाली, बेशरमीच्या झाडोर्‍यात. पल्याडची मानसं धावत आली. चांगली मानसं होती. एकानं दामिनीचे खांदे धरले, एकानं पाय, अन् उचलली. पोरगी अशी किंचाळली का माहं काळीज फाटलं.

"मधातून धरा!" मी वरडली. "अरे, मधातून धरा! कमरेखाली हात घाला, मोडन थे!"

ते थबकले. मंग दोघाइनं कमरेखाली हात घातले, एकानं मांड्याखाली, अन् तिले सरळ, हळू, पिकपपर्यंत नेली. पिकपमंधी आधीच मानसं कोंबलेली. एकाचीच जागा होती तिच्यासंगं.

"तू जाय, वयनी," देवानंद म्हने.

"माहं रगत चालते का?" मी म्हनली. "तुहं चालते. बस."

दामिनीनं माहा पदर धरून ठेवला होता. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. पिकप गेली.

मंग मी नाल्याकडं पळाली. तो अजून तिथीच होता, इंजिनावर उभा, स्टेरिंगच्या दांड्याले मिठी मारून. पानी मांड्याशी आलं होतं. काठावरच्या मानसाइनं डोंगा काठाकाठानं ओढत वरत आनला, त्याले दोरी बांधली, मी आत बसली, टोक त्याइनं धरलं. वरून डोंगा सोडला अन् मी खाली खाली त्याच्यापर्यंत आली, हात पोचन इतक्या जवळ.

"सोडा थे!"

"गाडी जाइल ना वो!"

"जाऊ द्या!"

"दामू बसली का?"

"बसली. गेली. देवानंद संगं आहे."

तवा त्यानं दांडा सोडला. मी त्याचे केस धरले, मंग बंडी धरली, अन् तो डोंग्यात पडला. आमच्या मांगं चेसिस एका आंगानं उचलली, एक चाक वरत आलं, अन् ती हळूहळू लवंडून लाल पान्यात गेली. प्रफुलचे टाके तेवढे पक्के होते. तुटली नाई, आख्खीच गेली.

त्या मानसाइनं दोरी ओढून आमाले काठावर घेतलं, तो तिथीच बसला. मी पदर पिळून त्याचं डोकं पुसलं.

"आता पुढच्या बारीले कशानं नेऊ तिले?" तो म्हने.

पावसाळा तं नुसता लागला होता. पुढं आषाढ, श्रावन, भादवा. मी म्हनली, "उठा. दवाखाना लांब आहे."

तो उठला तं त्याच्या खिशात खळखळ झालं. मी हात घातला. बोल्ट होते, चार-सहा, टप चेसिसले बसवाचे, दामिनीनं घासून घासून चकचकीत केलेले.

"फेका ना हे आता," मी म्हनली.

"राहू दे," तो म्हने. "बॉडीचे आहेत."

मी ते त्याच्या खिशात परत टाकले, अन् आमी दोघं डांबरी रस्त्यानं पिकपच्या मांगं चालाले लागलो.